चोवीस तासांची लघवी, नऊ माणसं : मीठ मोजून देणाऱ्या तपासणीचा अनुभव

गेल्या डिसेंबरात सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबकडून आमच्या घरातल्या नऊ मोठ्या माणसांची ‘२४ तासांची लघवी : सोडियम’ ही तपासणी करून घेतली. सोडियम हा मिठातला घटक, त्यावरून माणूस दिवसात किती मीठ खातो ते कळतं. लॅबचं नाव लिहीत नाही. चौकशी करताना आणखी तीन ठिकाणी फोन केले होते आणि तिथली उत्तरंही तशीच अर्धवट होती, त्यामुळे एकाच लॅबवर बोट ठेवणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही ही तपासणी करायला गेलात तर काय मागून घ्यायचं आणि हातात आलेला कागद कसा वाचायचा, तेवढं कळावं म्हणून लिहिते.

मी हायस्कूलला विज्ञान आणि गणित शिकवते. आमचं घर एकत्र आहे. सासूबाई, आत्याबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ, माझा मुलगा, त्यांचा मुलगा आणि मुलगी. चूल एकच.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात भाऊजींना पक्षाघाताचा झटका आला. वय ४९. दुकानात बसल्या बसल्या हातातलं पेन गळून पडलं आणि उचलता येईना. वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून आज ते चालतात, बोलतात. उजव्या हाताची पकड मात्र अजून कमी आहे. रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कोण जाणे, कधी मोजलाच नव्हता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. जावेनं विचारलं, किती कमी? ते म्हणाले, चवीपुरतं टाका. घरी येताना गाडीत ती गप्प होती. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, “ताई, मी आजवर चवीपुरतंच टाकत आले ना?”

तिचा प्रश्न अगदी खरा होता. ‘चवीपुरतं’ हे माप नव्हे. आमच्या सासूबाईंचं चवीपुरतं वेगळं, पुतण्याचं वेगळं. तो तर पहिला घास घेण्याआधीच मिठाचा सट ओढतो.

दवाखान्याच्या कागदांत रक्तातलं सोडियम १३८ लिहिलेलं होतं, नॉर्मल. त्यावरून ह्यांनी निष्कर्ष काढला की मिठाचा काही प्रश्न नाही, डॉक्टर उगाच सांगतात. हा गैरसमज मी शाळेतल्या सहकाऱ्यांकडूनही ऐकला आहे, म्हणून जरा थांबून सांगते. रक्तातलं सोडियम शरीर फार काटेकोरपणे एका पातळीवर धरून ठेवतं. तुम्ही पाच ग्रॅम मीठ खा की पंधरा, रक्तातला आकडा जवळपास तोच येतो. जास्तीचं सोडियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. तेव्हा किती खाल्लं हे रक्ताला विचारून कळत नाही, ते लघवीला विचारावं लागतं. खाल्लेल्या सोडियमपैकी साधारण ९० टक्के त्याच वाटेनं बाहेर पडतं, उरलेलं बरंचसं घामातून. या एका गोष्टीवर सगळी मोजणी उभी आहे.

लॅबकडे जाण्याआधी दोन घरगुती उपाय करून पाहिले. पहिला बिनखर्चाचा. १ नोव्हेंबरला मिठाची नवी पिशवी फोडली, कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला आणि महिनाभर किती संपतं ते वजनकाट्यावर पाहिलं. तीस दिवसांत २,१०० ग्रॅम. भागिले तीस, भागिले नऊ, म्हणजे माणशी दिवसाला ७.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमपेक्षा कमी, जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. पण या हिशेबाला छिद्रं फार. भाजी धुवायच्या पाण्यात टाकलेलं मीठ पोटात जात नाही, पाहुण्यांनी खाल्लेलं आमचं नव्हे. उलट लोणचं, पापड, सांडगी मिरची यांतलं मीठ एप्रिल-मेमध्येच बरण्यांत जाऊन बसलेलं. आणि दुकानातली खारी, भडंग, वडापाव? ते या पिशवीत नाहीच. शिवाय हा आकडा घराचा, भाऊजींचा नाही.

दुसरा उपाय म्हणजे ऑनलाइन मागवलेला पेनासारखा ‘सॉल्ट मीटर’. बाराशे रुपये गेले. तो पदार्थातून वीज किती वाहते त्यावरून मिठाचा अंदाज बांधतो. साध्या मिठाच्या पाण्यात नीट चालला. आमटीत मात्र गरम असताना एक आकडा, कोमट झाल्यावर दुसरा, वर तेलाचा तवंग आला की तिसरा. चिंच घातली की आणखी फरक. आणि सुक्या भाजीत टोचून काहीच कळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याचा उपयोग होईल, स्वयंपाकघरात घेऊ नका.

मग लॅब. सोडियम आणि क्रिएटिनिन (नमुना पुरा आहे का ते यावरून कळतं, पुढे सांगते) मिळून एका माणसाचे ६५० रुपये सांगितले. नऊ जण म्हटल्यावर ५,२०० वर तडजोड झाली. फोनवरच्या मुलीनं स्वस्तातला पर्यायही सुचवला. एकदाच दिलेल्या लघवीतलं सोडियम, दीडशे रुपयांत. तो मी घेतला नाही. सकाळी भडंग खाल्लं, दुपारी दोन तांबे पाणी प्यायलं, की एका वेळच्या लघवीतलं सोडियम कुठल्या कुठे जातं. त्या नमुन्यावरून दिवसाचा अंदाज काढायची सूत्रं आहेत. जपानमधल्या संशोधकांची कावासाकी आणि तनाका ही सूत्रं त्यांत नेहमी वापरली जातात. वय, वजन, उंची आणि क्रिएटिनिन घालून गणित करतात. हजारो लोकांची सरासरी काढायला ती कामाला येतात. २०१७-१८ साली आपल्याकडे असंसर्गजन्य आजारांची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात मिठाचा अंदाज अशाच एकवेळच्या लघवीवरून काढला होता. देशाची सरासरी निघाली दिवसाला ८ ग्रॅम, पुरुषांची बायकांपेक्षा जास्त. पण ही सूत्रं कमी खाणाऱ्याचा आकडा वर ओढतात आणि जास्त खाणाऱ्याचा खाली. सगळे मधोमध येऊन बसतात. देशासाठी ते चालून जाईल. मला एका माणसाचं बघायचं होतं.

चोवीस तासांची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी दहा हजारांवर माणसांनी अशीच दिवसभराची लघवी गोळा करून दिली होती. त्या ५२ मध्ये आपलं दिल्ली होतं आणि लडाखही. एका टोकाला ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. त्यांच्या लघवीत सोडियम जवळजवळ नाहीच, दिवसाला ०.२ मिलीमोल (हे रसायनशास्त्रातलं माप, साधारण १७ मिलीमोल म्हणजे एक ग्रॅम मीठ). दुसऱ्या टोकाला चीनमधलं तिआनजिन, २४२ मिलीमोल. नववीच्या वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा एका मुलीनं विचारलं, मॅडम, मग ते यानोमामी जगतात कसे? छान जगतात. आणि वय वाढेल तसा रक्तदाब चढत जाणं हे जे आपण गृहीत धरून बसलोय, ते त्यांच्यात दिसत नाही.

आता सेवेबद्दल. शनिवारी संध्याकाळी लॅबचा मुलगा नऊ पांढरे कॅन घेऊन आला. तीन लिटरचे, झाकण घट्ट, कॅन चांगले होते. पण एकावरही नावाची चिठ्ठी नव्हती. सूचनांचा कागद नव्हता. तोंडी सूचना काय, तर “सकाळी उठल्यावर पहिली लघवी धरून सुरू करा, दुसऱ्या दिवशी सकाळची पण घ्या.” हे साफ चूक आहे. सकाळची पहिली लघवी ही आदल्या रात्रीची असते. ती टाकून द्यायची, घड्याळात वेळ बघून लिहून ठेवायची, आणि तिथून पुढे चोवीस तासांत होईल ती प्रत्येक लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उठून शेवटची घ्यायची. दोन्ही सकाळच्या घेतल्या तर दोन रात्री येतात आणि आकडा फुगतो. मी विज्ञानाची बाई म्हणून मला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी काय करायचं? हे मी त्या मुलाला रागावून बोलले नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी कागदावर लिहून दिलं, त्यानं मोबाइलवर फोटो काढून घेतला.

दुसरी अडचण कॅनच्या तोंडाची. पुरुषांची सोय होते, बायकांची होत नाही. बाजारातून पाच प्लास्टिकचे मग आणले, पाच रंगांचे. प्रत्येक कॅनवर डॉक्टरटेप लावून नाव आणि सुरू केल्याची वेळ लिहिली. मागच्या अंगणात न्हाणीघराबाहेर ओळीनं कॅन मांडले. सोडियम हे मूलद्रव्य, ते उडून जात नाही की नासत नाही, पण वास येऊ नये म्हणून सावली हवी. डिसेंबरची थंडी कामाला आली. थंडीचा आणखी एक फायदा असा की घाम कमी. सांगलीच्या एप्रिलात हीच मोजणी केली तर बरंच मीठ सदऱ्यावर पांढऱ्या रेघा होऊन सुकतं आणि कॅनमधला आकडा कमी दिसतो.

आत्याबाईंना हा प्रकार मुळीच पटला नाही. “काय गं, हे काय आणि नवीन? मुताची मापं घ्यायची वेळ आली आता आमच्यावर?” सत्तर वर्षांच्या बाईला न्हाणीघरातून मग हातात धरून पुतण्यासमोरून जायचं म्हणजे अवघडच. त्यांच्यासाठी कॅन आतल्या मोरीत ठेवला आणि मुलांना त्या दिवशी तिकडे जायची बंदी केली. मग त्यांनी सगळी मोजणी चोख केली. सासूबाईंनी तर रात्री तीन वाजता उठून मला हाक मारली, झाकण उघडेना म्हणून. गावोगाव जाऊन असे कॅन देणाऱ्या आणि गोळा करणाऱ्या माणसांविषयी त्या रात्री मला फार आदर वाटला. आकडेवारीत एक ओळ येते, “अपूर्ण नमुने वगळले.” त्या ओळीमागे कुणाचा संकोच असतो, कुणाचा लग्नाला गेलेला दिवस असतो.

एक चूक माझी. सोयीचा म्हणून रविवार निवडला. रविवारी आमच्याकडे मटण, तांबडा-पांढरा, म्हणजे एरवीपेक्षा जास्त मीठ. मोठ्या पाहण्यांत नमुने आठवड्याच्या सगळ्या वारांवर पसरवतात ते एवढ्याचसाठी. तुम्ही सुट्टी बघून नव्हे, नेहमीचा वार बघून करा. नोकरीवर जाणाऱ्यानं पिशवीत रुंद तोंडाची बाटली न्यायची, जमतं.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आले. प्रत्येकात एकच आकडा. ह्यांचा १०८ मिलीमोल प्रति लिटर, पुतण्याचा १३७, मुलाचा १२४. एकूण लघवी किती भरली ते कुठेच नाही. मग चोवीस तास घरभर कॅन सांभाळले कशाला? मी लॅबमध्ये गेले. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मात्र पाच मिनिटांत ऐकून घेतलं, वही मागवली. मापं त्यात लिहिलेली होती, फक्त संगणकात भरली नव्हती. त्यांनी सगळे रिपोर्ट पुन्हा काढून दिले, पैसे घेतले नाहीत. याचे पूर्ण गुण त्यांना. नव्या रिपोर्टमध्ये पुतण्याची १.५ लिटर भरली होती, मुलाची १.७. गुणाकार केला तर पुतण्याचे २०५ मिलीमोल आणि मुलाचे २११. दाट कोणाची यावरून जास्त मीठ कोणाचं हे ठरत नाही, ते असं.

मिलीमोलचं मिठात रूपांतर सोपं आहे. साधारण १७ नं भागायचं, ग्रॅम मिळतात. ह्यांचं १२ ग्रॅम. मुलाचं १२.३, पुतण्याचं १२. माझं ८.९, जावेचं ८.१, पुतणीचं ७.९, आत्याबाईंचं ६.७. सासूबाईंचं ५. त्यांचं जेवणच चिमणीएवढं.

आणि या प्रत्येक आकड्यापुढे शेवटच्या रकान्यात एकच शब्द छापलेला होता. नॉर्मल.

हे वाचून मला खरोखर दुःख झालं. रिपोर्टवर शेजारी दिवसाला ‘४० ते २२०’ मिलीमोल अशी मर्यादा दिली होती. अशीच मर्यादा अनेक लॅबांच्या कागदांवर दिसते. २२० भागिले १७ म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम मीठ. ही मर्यादा कुठून येते? सर्वसाधारण लोकांच्या लघवीत जेवढं सापडतं, त्यावरून. म्हणजे सगळा गाव दुप्पट मीठ खात असेल तर दुप्पट हेच नॉर्मल ठरतं. काही आजारांचं निदान करताना डॉक्टरांना त्या मर्यादेचा उपयोग असतो, ते मला मान्य आहे. पण घरी बसून रिपोर्ट उघडणारा माणूस तो शब्द वाचतो आणि निश्चिंत होतो. ह्यांनी तेच केलं. बारा ग्रॅम मीठ खाणारा, छप्पन वर्षांचा, ज्याच्या सख्ख्या भावाला नुकताच झटका आलाय असा माणूस मला मोबाइल दाखवून म्हणाला, “बघ, नॉर्मल.” मी पेन घेऊन गुणाकार-भागाकार करून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

भाऊजींचा रिपोर्ट मुद्दाम शेवटी सांगते. त्यांचा आकडा आला ५९ मिलीमोल, साडेतीन ग्रॅमच्या आत. घरात आनंदीआनंद. जावेनं देवापुढे साखर ठेवली. चार महिने ती वेगळ्या पातेल्यात त्यांची अळणी भाजी करत होती, तिच्या कष्टाचं चीज झालं असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. मग खालच्या ओळीकडे लक्ष गेलं. लघवी फक्त ६२० मिलिलिटर. क्रिएटिनिन ६४० मिलिग्रॅम.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा पदार्थ. तो दररोज जवळपास ठराविक प्रमाणात लघवीतून जातो, पुरुषांमध्ये वजनाच्या प्रत्येक किलोमागे अंदाजे २० ते २५ मिलिग्रॅम, बायकांमध्ये १५ ते २०. भाऊजींचं वजन ७० किलो. म्हणजे चौदाशेच्या पुढे यायला हवं होतं, आलं निम्म्याहून कमी. अर्थ सरळ होता, निम्मी लघवी कॅनमध्ये नव्हतीच. मोठ्या अभ्यासांत हे ताडून पाहायला कधी कधी पाबा नावाच्या पदार्थाच्या गोळ्या दिवसातून तीनदा देतात. ती गोळी लघवीत पुरी उतरली तर नमुना पुरा. आपल्याकडे लॅबला जाणाऱ्याला क्रिएटिनिनच पुरे, पण ते मागून घ्यावं लागतं.

भाऊजींना विचारलं तर आधी नाही म्हणाले. मग हळूच सांगितलं. दुपारी दुकान उघडून आले होते, तिथे दोनदा गेले. आणि रात्री उजव्या हातानं झाकण फिरवता येईना. कुणाला उठवायचं म्हणून तसेच गेले. हे ऐकून मला माझीच लाज वाटली. सासूबाईंसाठी मी रात्री तीनला उठले आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याचा हात चालत नाही हे मला सुचू नये.

जानेवारीतल्या एका बुधवारी पुन्हा केली. पुतण्यानं रात्रभर शेजारी झोपून मदत केली. या वेळी दीड लिटर, क्रिएटिनिन १,४२०, नमुना पुरा. सोडियम १६८ मिलीमोल. म्हणजे ९.८ ग्रॅम मीठ.

जाऊ स्वयंपाकघरात खाली बसली. “म्हणजे माझ्याच हातानं झालं का हे सगळं?” तिच्या तोंडून हे आलं आणि मला काय बोलावं कळेना. घरातल्या बाईनं रांधायचं आणि घरातल्या आजाराचं ओझंही तिनंच घ्यायचं, असं आपल्याकडे चालतच आलंय. मग मी तिला आकडेच दाखवले. एकाच चुलीवरचं जेवण. त्याच पातेल्यातून सासूबाई पाच ग्रॅम घेतात, ती स्वतः आठ घेते, आणि घरातले पुरुष बारा. पातेलं तेच असेल तर फरक तिच्या हातात नाही. बाजारातून येणाऱ्या पुड्यांत आहे, आणि पानातल्या डाव्या बाजूला आहे. भाऊजींची भाजी खरोखरच अळणी होती. पण दुकानात सकाळच्या चहाबरोबर तीन खाऱ्या, चार वाजता भडंग, आणि अळणी जेवण घशाखाली उतरावं म्हणून प्रत्येक घासाला लोणच्याची फोड. ती फोड कुणी मोजली नव्हती. घरात पान वाढताना मीठ आधी वाढायचं ही आपली रीत. ती मला प्रिय आहे, आजही सणाला तशीच वाढते. रोज मात्र सट आता कपाटात असतो.

नऊ जणांची सरासरी आली ९.२ ग्रॅम. लघवीत न येणारा दहावा हिस्सा धरला तर दहाच्या आसपास. पिशवीचा हिशेब होता ७.८. मधला फरक बराचसा बाहेरचा, खारी-भडंगाचा, आणि उन्हाळ्यातल्या बरण्यांचा. चार पुरुषांची सरासरी साडेअकरा, पाच बायकांची ७.३. राष्ट्रीय पाहणीत पुरुष वर आणि बायका खाली असंच होतं, ते आमच्या अंगणात मांडलेल्या कॅनमध्येही दिसलं.

एक गोष्ट ध्यानात घ्या. एका माणसाचा एका दिवसाचा आकडा म्हणजे त्याची सवय नव्हे. आज बारा आलेला उद्या आठ येऊ शकतो. एका माणसाचं नक्की सांगायचं तर अनेक दिवसांचे नमुने लागतात. समूहाची सरासरी मात्र प्रत्येकाच्या एकेका दिवसानंही बरीच विश्वासाची निघते, कारण कुणाचा जास्तीचा दिवस कुणाच्या कमी दिवसाशी जुळून जातो. म्हणून ही तपासणी एकट्यानं करण्यापेक्षा घरानं, सोसायटीनं, कारखान्यातल्या एका खात्यानं मिळून केली तर जास्त कामाची. माझ्या मुलाला मी “तू १२.३ वाला” असं कधी म्हणत नाही. घराला नऊच्या वर आहे, हे मात्र ठामपणे म्हणते.

लोक विचारतात म्हणून आणखी एक. सैंधव वापरलं तर? सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे, कॅनमध्ये काही फरक पडत नाही, आणि बहुतेक वेळा त्यात आयोडीन घातलेलं नसतं. कमी सोडियमचं मीठ मिळतं, ज्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या, रक्तदाब असलेल्या सुमारे २१ हजार लोकांवर त्याचा अभ्यास झाला. मीठ तीन भाग साधं, एक भाग पोटॅशियमचं. २०२१ साली निकाल आला, पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. ते वाचून मला किती आशा वाटली असेल तुम्हीच बघा. तरी भाऊजींना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिलं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढणं धोक्याचं असतं. डॉक्टरांनी रक्त तपासून थांबायला सांगितलं आहे, आम्ही थांबलो आहोत.

लॅबला मी पाचातले तीन तारे देते. यंत्रावरची मोजणी नीट वाटली. भाऊजींचे दोन्ही नमुने बघा, दाटपणा लिटरमागे ९५ आणि ११२ मिलीमोल, फार लांब नाहीत. गोंधळ झाला तो गोळा करण्यात. सूचना चुकीच्या होत्या, चिठ्ठ्या नव्हत्या, एकूण माप आपण मागितल्याशिवाय मिळालं नाही. जानेवारीत गेलो तेव्हा कॅनसोबत मराठीत छापलेला सूचनांचा कागद मिळाला, मी लिहून दिलेला बराचसा तसाच. ‘नॉर्मल’चा रकाना अजून तोच आहे. मॅडम म्हणाल्या, ते संगणकाच्या प्रणालीतच बसवलेलं आहे, बदलायला वरून परवानगी लागते. मी त्यांना लेखी अर्ज दिला आहे. मीठ ग्रॅममध्ये लिहा आणि शेजारी ५ ग्रॅमची रेघ दाखवा, एवढंच मागितलं आहे. तुम्ही जाल तिथेही मागा. नाव, सुरू केल्याची वेळ, एकूण लिटर, क्रिएटिनिन, एवढं कागदावर असल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढची फेरी येत्या डिसेंबरात, बुधवारी. भाऊजींसाठी डाव्या हातानं उघडेल असा रुंद झाकणाचा कॅन आत्ताच सांगून ठेवला आहे.